ग्रंथ आणि नेतृत्व : पहिला अनुयायी स्वतःच



सुवर्णमहोत्सव हा कोणत्याही संस्थेच्या जीवनात मागे वळून पाहण्याचा प्रसंग असतो. पन्नास वर्षांत किती वास्तू उभ्या राहिल्या, किती विद्यार्थ्यांना साहाय्य मिळाले, किती दात्यांनी हात पुढे केला, याचा हिशेब अशा वेळी मांडला जातो आणि तो मांडलाही पाहिजे. परंतु त्या हिशेबातील एक रकाना सहसा कोराच राहतो. संस्था चालविणारी माणसे या काळात अंतर्यामी किती वाढली, हा तो रकाना होय. माणसाला आतून वाढविणारी जी मोजकी साधने आहेत, त्यांत ग्रंथाचे स्थान फार वरचे आहे. म्हणून ग्रंथ माणसातला नेता कसा घडवितो, हा आजच्या चिंतनाचा विषय.

‘नेतृत्व’ आणि ‘व्यक्तिमत्त्व विकास’ या विषयांवरील पुस्तकांची आज वाण नाही. रेल्वे स्थानकावरील पुस्तकांच्या दुकानापासून मोठ्या ग्रंथप्रदर्शनापर्यंत सर्वत्र ती मांडलेली दिसतात. चारचौघांत छाप कशी पाडावी, दुसऱ्याचे मन कसे जिंकावे, हाताखालच्या माणसांकडून काम कसे करून घ्यावे, हे त्यांतून सांगितलेले असते. १९३६ साली डेल कार्नेगी यांचे लोकसंग्रहाची कला शिकविणारे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि या प्रकारच्या लेखनाला जगभर वाचक लाभला. ही पुस्तके टाकाऊ आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. सौजन्याने बोलावे, समोरच्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, हे शिकविणाऱ्या पुस्तकाने कोणाचे नुकसान झालेले नाही.

तथापि या वाङ्मयातील एक उणीव त्याच क्षेत्रातील एका मान्यवर लेखकाने दाखवून दिली. स्टीफन कोव्ही यांचे सात सवयींविषयीचे सुप्रसिद्ध पुस्तक १९८९ साली निघाले. त्याच्या आरंभीच त्यांनी अमेरिकेतील दोनशे वर्षांच्या यशविषयक लेखनाचा आढावा घेतला आहे. पहिल्या दीडशे वर्षांतील लेखन प्रामाणिकपणा, नम्रता, संयम, कष्ट अशा चारित्र्यगुणांवर भर देणारे होते. पहिल्या महायुद्धानंतर मात्र भर व्यक्तिमत्त्वाच्या बाह्यांगावर, वागण्याबोलण्याच्या तंत्रावर गेला, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणूनच त्यांनी सवयींचा क्रम लावताना स्वतःवरील विजय आधी ठेवला आणि लोकांमधील विजय नंतर.

हा क्रम भारतीय मनाला नवा नाही. वाचनासाठी ‘स्वाध्याय’ हा शब्द वापरणाऱ्या परंपरेने ‘स्व’ आधीच पुढे ठेवला आहे. प्रश्न एवढाच उरतो की, एखादा ग्रंथ प्रत्यक्षात माणसाला कसा बदलतो? ग्रंथ तर हजारो लोक वाचतात. मग त्यातला एखादाच का बदलतो? याचे उत्तर शोधण्यासाठी एक असे उदाहरण घेणे इष्ट ठरेल, ज्यातील ग्रंथ, वाचक, वाचनाची रात्र आणि त्या वाचनाचे परिणाम हे सारे नोंदलेले आहे. ते उदाहरण आहे मोहनदास करमचंद गांधी यांचे, आणि त्याचा आरंभ मुंबईत होतो.

पेढीवरचा ग्रंथ

जुलै १८९१ मध्ये गांधीजी विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतले. मुंबईत त्यांचा मुक्काम डॉ. प्राणजीवन मेहता यांच्या घरी झाला आणि तेथेच मेहतांच्या वडीलबंधूंचे जामात रायचंदभाई, म्हणजे श्रीमद् राजचंद्र, यांच्याशी त्यांचा परिचय झाला. रायचंदभाईंचे वय त्या वेळी पंचविशीच्या आतले. सौराष्ट्रातील ववाणिया येथे १८६७ साली जन्मलेले हे गृहस्थ हिरेमोत्यांचा व्यापार करीत. शतावधानी म्हणून त्यांची कीर्ती होती. एकाच वेळी अनेक गोष्टींवर अवधान ठेवून त्या जशाच्या तशा सांगण्याची त्यांची शक्ती पाहून लोक थक्क होत. परंतु गांधीजींच्या मनावर ठसा उमटला तो या शक्तीचा नव्हे.

त्यांना दिसले ते असे : रायचंदभाईंच्या मेजावर व्यापाराच्या कागदांबरोबरच एखादा धर्मग्रंथ आणि त्यांची रोजनिशी कायम असे. लाखोंच्या सौद्याची बोलणी संपली, की त्याच बैठकीत तो ग्रंथ किंवा ती वही उघडली जाई आणि आत्म्याविषयीचे चिंतन सुरू होई. ग्रंथासाठी वेगळी खोली नव्हती, वेगळा दिवस नव्हता. ज्या मेजावर मोती पारखले जात, त्याच मेजावर मनही पारखले जाई.

१८९३ साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेत गेले. तेथे ख्रिस्ती आणि मुसलमान मित्रांच्या सहवासात त्यांच्या मनात धर्मविषयक अनेक शंका उद्भवल्या. १८९४ मध्ये त्यांनी रायचंदभाईंना सत्तावीस प्रश्न लिहून पाठविले. आत्मा म्हणजे काय, ईश्वर म्हणजे काय, मोक्ष म्हणजे काय, असे ते प्रश्न. रायचंदभाईंनी सविस्तर उत्तरे दिली आणि काही ग्रंथही पाठविले. ‘पंचीकरण’, ‘मणिरत्नमाला’, ‘योगवासिष्ठा’तील मुमुक्षु प्रकरण आणि हरिभद्रसूरींचा ‘षड्दर्शनसमुच्चय’ यांचा त्यांत समावेश होता. ही यादी लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. पाठविणारे स्वतः जैन. पण त्यांनी वेदान्ताचे ग्रंथ पाठविले आणि जैन आचार्याचा जो ग्रंथ निवडला, तोही सहा दर्शनांचा परिचय करून देणारा. साशंक तरुणाला आपल्या मताकडे ओढून घेण्याची घाई त्यांत नव्हती. त्याने स्वतः वाचावे, स्वतः तोलावे, एवढीच अपेक्षा होती.

विशेष म्हणजे, गांधीजींनी रायचंदभाईंना एवढे मानले, तरी गुरुस्थानी मात्र बसविले नाही. आपल्या हृदयातील ते आसन रिकामेच राहिले, असे त्यांनी आत्मकथेत प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. १९०१ मध्ये राजकोट येथे रायचंदभाईंचे वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी देहावसान झाले. पुढे आपल्यावर सर्वाधिक प्रभाव टाकणाऱ्या तीन समकालीनांची नावे सांगताना गांधीजींनी पहिले नाव रायचंदभाईंचे घेतले, ते प्रत्यक्ष सहवासासाठी. दुसरे टॉलस्टॉय यांचे, ‘ईश्वराचे राज्य तुझ्या अंतरातच आहे’ या अर्थाच्या ग्रंथासाठी. आणि तिसरे जॉन रस्किन यांचे, ‘अनटू धिस लास्ट’ या छोट्या पुस्तकासाठी.

चोवीस तासांचा प्रवास

रस्किन यांचे हे पुस्तक म्हणजे अर्थशास्त्रावरील चार निबंध. १८६० साली लंडनच्या ‘कॉर्नहिल’ मासिकात ते क्रमशः येऊ लागले आणि वाचकांचा रोष एवढा झाला की, संपादक थॅकरे यांना ती लेखमाला चार निबंधांवरच थांबवावी लागली. १८६२ मध्ये ते पुस्तकरूपाने निघाले. पुस्तकाचे नाव बायबलमधील एका दृष्टान्तावरून घेतलेले आहे. द्राक्षमळ्याचा धनी सकाळी कामावर आलेल्या मजुराला जेवढी मजुरी देतो, तेवढीच दिवस कलताना आलेल्या शेवटच्या मजुरालाही देतो, असा तो दृष्टान्त.

रस्किन यांचा एक प्रश्न व्यापारी समाजाने अवश्य विचारात घ्यावा असा आहे. समाज सैनिकाला मान देतो, कारण प्रसंगी तो आपली जागा सोडण्यापेक्षा मरण पत्करील अशी खात्री असते. वैद्याला मान देतो, कारण साथीच्या रोगात तो रुग्णांना टाकून पळणार नाही. धर्मोपदेशक असत्य शिकविणार नाही, न्यायाच्या क्षेत्रातला माणूस अन्यायाला साथ देणार नाही, म्हणून त्यांनाही मान. मग व्यापाऱ्याने आपल्या धर्मासाठी कोणत्या प्रसंगी सर्वस्व पणाला लावायचे? रस्किन यांचे उत्तर असे की, समाजाला लागणाऱ्या वस्तू शुद्ध आणि रास्त स्वरूपात पुरविणे हे व्यापाऱ्याचे व्रत आहे. नफा हा वैद्याच्या मानधनासारखा त्याचा आनुषंगिक भाग. बुडत्या जहाजाचा कप्तान जसा सर्वांच्या शेवटी जहाज सोडतो, तसे मंदीच्या वा संकटाच्या काळात मालकाने आपल्या कामगारांपेक्षा अधिक झळ स्वतः सोसली पाहिजे. नेतृत्वाची याहून कठोर व्याख्या क्वचितच कोणी केली असेल.

१९०४ साली गांधीजी जोहान्सबर्ग येथे नामांकित वकील होते. त्याच वर्षी तेथील भारतीय वस्तीत प्लेगची साथ आली आणि त्यांनी रुग्णांची शुश्रूषा केली. ‘इंडियन ओपिनियन’ हे त्यांचे साप्ताहिक डर्बनहून निघत असे. त्याचा तोटा वाढत चालल्याचे तेथील सहकारी अल्बर्ट वेस्ट यांनी कळविले, म्हणून ते डर्बनला निघाले. स्थानकावर निरोप द्यायला आलेले तरुण पत्रकार मित्र हेन्री पोलक यांनी वाटेत वाचण्यासाठी एक पुस्तक हाती ठेवले. ते रस्किन यांचे पुस्तक होते.

जोहान्सबर्ग ते डर्बन हा चोवीस तासांचा प्रवास. पुस्तक एकदा उघडल्यावर खाली ठेववेना. गाडी संध्याकाळी पोहोचली आणि त्या रात्री गांधीजींना झोप आली नाही. त्यांनी त्या पुस्तकातून तीन गोष्टी घेतल्या. एक, सर्वांच्या हितातच व्यक्तीचे हित सामावलेले आहे. दोन, वकिलाच्या कामाचे मोल आणि न्हाव्याच्या कामाचे मोल सारखेच, कारण आपल्या श्रमावर उपजीविका करण्याचा हक्क दोघांनाही समान आहे. तीन, कष्टकऱ्याचे, शेतकऱ्याचे आणि कारागिराचे जीवन हेच खरे जगण्याजोगे जीवन. यांपैकी पहिली गोष्ट आपल्याला ठाऊक होती, दुसरी अंधुक जाणवत होती आणि तिसरी कधी मनातही आली नव्हती, असे ते सांगतात. पहाट होताच ही तत्त्वे आचरणात आणण्याच्या तयारीने ते उठले.

येथे क्षणभर थांबून पाहिले पाहिजे. गांधीजींचे वाचन अफाट नव्हते. विद्यार्थिदशेत पाठ्यपुस्तकांपलीकडे आपण फारसे वाचले नाही आणि पुढे कामाच्या व्यापात सवड मिळाली नाही, हे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. पण या सक्तीच्या मर्यादेमुळे फार नुकसान झाले असे त्यांना वाटले नाही. उलट जे थोडे वाचले ते नीट पचविता आले, असा त्यांचा निर्वाळा आहे. दुसरे असे की, या ग्रंथाने आपल्या अंतरात काही नवे ओतले, असे ते म्हणत नाहीत. स्वतःच्या खोलवर दडलेल्या श्रद्धा त्यात प्रतिबिंबित झालेल्या दिसल्या, असे ते म्हणतात. ग्रंथ हा आरसा आहे. आरसा नवा चेहरा देत नाही. जो आहे तो दाखवितो आणि त्यानंतर तो धुवायचा की नाही, हे पाहणाऱ्यावर सोडतो.

वाचनाची किंमत

त्या पहाटेनंतरच्या घडामोडी वाचनाच्या इतिहासात अपूर्व आहेत. गांधीजींनी वेस्ट यांच्यापुढे योजना मांडली : छापखाना शहरातून हलवून शेतावर न्यावा, तेथे प्रत्येकाने श्रम करावेत आणि वर्ण वा राष्ट्र यांचा भेद न करता सर्वांना दरमहा तीन पौंड एवढेच निर्वाहवेतन मिळावे. वेस्ट यांनी संमती दिली. रेल्वे स्थानकाजवळ जमीन हवी अशी जाहिरात देण्यात आली आणि आठवड्याच्या आत फिनिक्स येथे वीस एकर जमीन घेतली गेली. नंतर लगतची ऐंशी एकरही घेण्यात आली. सगळ्याची किंमत एक हजार पौंड. डर्बनपासून हे ठिकाण चौदा मैलांवर. गवत माजलेले, सापांचा सुळसुळाट. पारशी रुस्तमजी यांनी पत्रे आणि इतर बांधकाम साहित्य दिले. भारतीय सुतार-गवंड्यांच्या साहाय्याने पंच्याहत्तर फूट लांब आणि पन्नास फूट रुंद अशी छपरी महिन्याभराच्या आत उभी राहिली. तोवर मंडळी तंबूत राहिली.

पहिल्याच अंकाच्या रात्री तेलावर चालणारे इंजिन बंद पडले. अशा प्रसंगासाठी हाताने फिरवायचे एक चाक तयार ठेवलेले होते. पण ते फिरवायला एका वेळी चार माणसे लागत. छापखान्यातील माणसे थकून गेली होती. शेजारी दिवसभराच्या श्रमाने दमलेले सुतार जमिनीवर झोपले होते. त्यांना उठवायचे कसे, हा वेस्ट यांना संकोच. गांधीजींनी मात्र त्यांना उठवून मदत मागितली आणि ते आनंदाने उठले. पाळीपाळीने सारेच चाकाला लागले, संपादकही त्यात होते. सकाळी सातपर्यंत हे चालले, तरी काम बरेच शिल्लक होते. शेवटी यंत्रज्ञाने पुन्हा प्रयत्न केला आणि इंजिन सुरू झाले. अंक वेळेवर गेला. वकील आणि सुतार यांच्या श्रमाचे मोल सारखे, हे वाक्य पुस्तकात वाचणे निराळे आणि त्या रात्री सुताराच्या जोडीने चाक फिरविणे निराळे.

या प्रयोगातील एक बारकावा नेतृत्वाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. छापखान्यात दहापेक्षा अधिक माणसे होती. त्यांतील सर्वांनी आडरानातल्या शेतावर येऊन राहणे आणि तुटपुंज्या वेतनावर समाधान मानणे शक्य नव्हते. त्यांच्यावर सक्ती झाली नाही. ज्यांना हे साधणार नाही त्यांनी आपला पगार घेत राहावे आणि हळूहळू या आदर्शाकडे यावे, असे ठरले. पुढाऱ्याने वाचलेल्या पुस्तकाचा भार अनुयायांच्या खांद्यावर टाकायचा नसतो. तो आधी स्वतःच्या खांद्यावर घ्यायचा असतो. ज्याला पटेल तो आपणहून खांदा देतो. पुस्तक देणारे पोलक यांना ही हकिगत कळली तेव्हा त्यांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. त्यांनी आपली नोकरी सोडली आणि तेही फिनिक्सला दाखल झाले. म्हणजे पुस्तक ज्यांनी दिले, त्यांनाही त्याचा पूर्ण अर्थ लागला तो दुसऱ्याने ते आचरल्यावर.

एक कटू बाजू

असे असले तरी या कथेची केवळ उजळ बाजू सांगणे सत्याला धरून होणार नाही. स्वतः गांधीजींनीही ती तशी सांगितलेली नाही. फिनिक्स वसविले खरे. पण वकिली आणि लोककार्य यांमुळे त्यांना तेथे थोडा थोडा काळच राहता आले आणि याची खंत त्यांना कायम राहिली.

याहून गंभीर प्रश्न घरातला होता. छापखान्यातील कामगारांना निवडीची मोकळीक होती; मुलांना ती नव्हती. गांधीजींनी आपल्या मुलांना प्रचलित शाळांपासून दूर ठेवले आणि घरीच शिकविण्याचा प्रयत्न केला. परंतु त्यासाठी पुरेसा वेळ त्यांना कधीच देता आला नाही. या बाबतीत सर्वच मुलांची तक्रार होती, एखादा पदवीधर दिसला की त्यांना आपली उणीव जाणवे, हे त्यांनी आत्मकथेत मान्य केले आहे. ज्येष्ठ पुत्र हरिलाल तर पुढे वडिलांपासून दुरावलेच. गांधीजींनी आपल्या भूमिकेचे समर्थनही केले आहे आणि मुलांच्या तक्रारीत काही तथ्य असल्याचेही नाकारलेले नाही.

सार्वजनिक जीवनातील प्रत्येक कार्यकर्त्याने येथे अंतर्मुख व्हावे. ग्रंथाने पेटविलेला दिवा स्वतःच्या वाटेवर धरला तर तो मार्गदर्शक होतो. जवळच्या माणसाच्या डोळ्यांपुढे नेऊन धरला तर तो त्याचे डोळे दिपवितो. स्वतःचे व्रत आणि दुसऱ्यावर लादलेले व्रत यांतील सीमारेषा फार पुसट असते आणि ती सर्वांत आधी ओलांडली जाते घरात. कारण नाही म्हणण्याची मुभा तेथे सर्वांत कमी असते. ज्या माणसाने परक्या कामगाराच्या स्वातंत्र्याची एवढी जपणूक केली, त्यालाही स्वतःच्या मुलांच्या बाबतीत ही रेषा सांभाळणे जड गेले. मग इतरांनी किती सावध राहायला हवे!

वाचणाऱ्याकडून देणाऱ्याकडे

ग्रंथाने घडलेला माणूस स्वाभाविकपणेच तो ग्रंथ पुढे देऊ लागतो. १९०८ साली गांधीजींनी रस्किन यांच्या पुस्तकाचा गुजराती सारानुवाद ‘इंडियन ओपिनियन’मधून प्रसिद्ध केला आणि त्याला नाव दिले ‘सर्वोदय’. नावातच अनुवादकाची दृष्टी स्पष्ट होते. मूळ शीर्षक शेवटच्या माणसाकडे बोट दाखविते. गुजराती शीर्षक सर्वांना कवेत घेते. ब्रिटिश सरकारने या पुस्तिकेवर बंदी घातली.

आणि मग ६ एप्रिल १९१९ हा दिवस उजाडला. रौलट कायद्याच्या निषेधार्थ मुंबईत हरताळ पाळला गेला आणि त्या संध्याकाळी ‘हिंद स्वराज’ व ‘सर्वोदय’ ही बंदी असलेली पुस्तके रस्त्यावर विकून कायदेभंग करण्यात आला. गांधीजी आणि सरोजिनी नायडू मोटारीतून विक्रीसाठी निघाले. किंमत होती चार आणे. पण चार आण्यांना पुस्तक घेणारा विरळाच. लोकांनी खिशात असेल ते देऊन टाकले. पाच आणि दहा रुपयांच्या नोटा पुढे आल्या, एक प्रत तर पन्नास रुपयांना गेली. हे पुस्तक जवळ बाळगल्यास तुरुंगवास घडू शकतो, हे घेणाऱ्यांना आधीच सांगितले जात होते. पुढे सरकारने असा पवित्रा घेतला की, विकली गेलेली ही नवी आवृत्ती आहे आणि बंदी जुन्या आवृत्तीवर होती. तेव्हा कायदा मोडलाच नाही. ही बातमी कळल्यावर लोकांची निराशा झाली! लंडनच्या वाचकांनी ज्या निबंधांना धुडकावले होते, त्यांच्या भाषांतरासाठी मुंबईच्या रस्त्यावर माणसे कारावास पत्करायला सिद्ध होती. मधल्या काळात त्या पुस्तकाला एक आचरणारा वाचक मिळाला होता, एवढाच काय तो फरक.

ग्रंथ देणाऱ्याचे महत्त्व सांगणारे आणखी एक उदाहरण याच मुंबईतले आहे. गुरुवर्य कृष्णराव अर्जुन केळुसकर हे शिक्षक आणि चरित्रकार. भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याच्या यशाबद्दल भरलेल्या सत्कारसभेत त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे मराठी चरित्र त्याला भेट दिले. त्या पुस्तकाने आपण भारावून गेलो, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे लिहून ठेवले आहे. गांधीजींच्या बाबतीत ग्रंथाचा परिणाम एका रात्रीत झाला. येथे त्याने जवळजवळ अर्धे शतक घेतले. अभ्यास, तुलना, चिकित्सा अशी प्रदीर्घ वाटचाल करून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. ग्रंथ केव्हा रुजेल हे देणाऱ्याच्या हाती नसते. योग्य हाती योग्य ग्रंथ ठेवणे, एवढेच त्याच्या हाती असते. केळुसकर एवढ्यावर थांबले नाहीत. भीमरावांच्या उच्च शिक्षणाला बडोदे संस्थानचे साहाय्य मिळावे म्हणून त्यांनी खटपट केली. ग्रंथ देणाऱ्याने वाचकाची पुढची वाटही सुकर करायची असते, हा त्यांचा धडा.

विनोबांचे उदाहरणही असेच बोलके आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. त्यातून मराठीला ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ मिळाला. बोलणाऱ्याने ग्रंथ आधी जगून पाहिला होता, म्हणून त्या बोलण्याचाच ग्रंथ झाला; आणि ऐकणारा तन्मय होऊन टिपत होता, म्हणून तो टिकला.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर

या साऱ्या उदाहरणांतून निघणारे सूत्र साधे आहे. नेतृत्व वाढविणारा ग्रंथ तोच, ज्याचा पहिला अनुयायी वाचक स्वतः होतो. नेतृत्वाचा शब्दही त्या पुस्तकात असण्याची गरज नाही. रस्किन यांनी अर्थशास्त्रावर लिहिले, केळुसकरांनी चरित्र लिहिले, हरिभद्रसूरींनी दर्शनांचा परिचय दिला. ‘पुढारी कसे व्हावे’ हे यांपैकी कोणीही शिकविले नाही. कसे जगावे, हा प्रश्न त्यांनी वाचकापुढे उभा केला. ज्याने त्याचे उत्तर कृतीने दिले, त्याच्यामागे लोक आपोआप गेले.

संस्थांमधून काम करणाऱ्यांना यातून काही करण्याजोगे घेता येईल. वाचन थोडे असले तरी चालेल, पण ते पचले पाहिजे. वर्षाला एकच ग्रंथ, पण तो पुन्हा पुन्हा. वाचताना दुसऱ्यासाठी वाक्ये वेचण्याचा मोह आवरावा. हे वाक्य सभेत किती उठून दिसेल, असे ज्या क्षणी मनात येते, त्या क्षणी वाचन थांबलेले असते आणि भाषणाची तयारी सुरू झालेली असते. ग्रंथाशेजारी एक वही असावी आणि तीत इतरांच्या चुका न लिहिता, त्या ग्रंथाच्या कसोटीला स्वतः कोठे कमी पडलो, हे लिहावे. जे पटले त्याची एक तरी लहानशी अंमलबजावणी लगेच करावी, कारण रात्रीचा निश्चय दुपारपर्यंत टिकतोच असे नाही. घरच्यांना आणि सहकाऱ्यांना ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक ठेवावी. आणि एखाद्या होतकरू मुलामुलीच्या हाती, त्याची पात्रता आणि जिज्ञासा पाहून, एक चांगला ग्रंथ ठेवावा. सत्काराच्या शाली-श्रीफळापेक्षा ती भेट अधिक काळ टिकते.

संस्थेच्या कपाटात ग्रंथ किती आहेत, हे नोंदवहीवरून कळते. त्यांतले किती ग्रंथ माणसांत उतरले, हे मात्र हिशेब मांडताना, पगार ठरविताना, तोट्याच्या वर्षी, मतभेदाच्या बैठकीत आणि घरी परतल्यावर कळते. मुंबईतील एका तरुण जवाहिऱ्याने मेजावरून ग्रंथ कधी हलविला नाही, कारण सौदा आणि स्वाध्याय ही त्याच्या लेखी दोन वेगळी आयुष्ये नव्हती. सुवर्णमहोत्सवानंतरच्या पन्नास वर्षांत कार्यालयाच्या प्रत्येक मेजावर असा एक ग्रंथ आणि अशी एक वही असो. तसे झाले, तर शताब्दीच्या हिशेबात तो रकाना कोरा राहणार नाही.